ऑफसाइडच्या रेषेवरचा माणूस : इन्झागीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नऊ नंबरच्या, म्हणजे गोल मारण्यासाठी सर्वांत पुढे खेळणाऱ्या, दहा फॉरवर्डची यादी दिली होती. व्हॅन बास्टन आणि रोनाल्डोच्या पंगतीत इटलीच्या फिलिप्पो इन्झागीला बसवल्यावर पत्रं येणार हे ठाऊक होतंच. निम्म्या पत्रांनी आम्हाला वेड्यात काढलंय. उरलेल्यांत कामाचे प्रश्न आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : इन्झागीला बॉल घेऊन दोन बॅक काढता येत नव्हते. लांबून किक नाही, ताकद बेताची. आमच्या पेठेच्या संघात असता तर राखीव खेळाडूंतही बसला नसता. त्याला तुम्ही पहिल्या दहांत कसं धरता? (शिवाजी पेठ)

आधी हिशेब मांडू. सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, ३७० सामने, १५६ गोल. राष्ट्रीय संघासाठी ५७ सामन्यांत २५. युव्हेंटससाठी सर्व स्पर्धा मिळून १६५ सामन्यांत ८९ आणि मिलानसाठी ३०० सामन्यांत १२६. युरोपातल्या क्लब स्पर्धांत ७०. चॅम्पियन्स लीगमध्ये तीन हॅट्‌ट्रिक : १९९८ मध्ये डायनामो कीव्ह, २००० मध्ये हॅम्बुर्ग आणि २००२ मध्ये देपोर्तिव्हो ला कोरुन्याविरुद्ध. १९९६-९७ च्या मोसमात तो अतालांतात होता. तो संघ तक्त्यात दहावा आला, पण इटलीत सर्वाधिक, म्हणजे २४ गोल त्याचेच होते. मोठ्या संघाच्या जिवावर गोल केले असं म्हणायची सोय इथे उरत नाही.

आता ते व्हायचे कसे. तुम्ही सांगितलेले दोष खरे आहेत, पण ते सगळे बॉल पायात आल्यानंतरचे आहेत. इन्झागीचं काम त्याआधीच उरकलेलं असायचं.

बॅकला, म्हणजे बचावपटूला, एका वेळी एकच गोष्ट दिसते, बॉल किंवा माणूस. बॉल उजव्या बगलेत असेल तर दोन्ही सेंटर बॅकचे चेहरे तिकडे वळतात. इन्झागी त्यांच्या डाव्या खांद्यामागे, म्हणजे नजरेआड उभा राहायचा. बॅकने मान वळवून त्याला शोधलं की चार पावलं सरकायचा. दर पंधरा-वीस सेकंदांनी मान वळवावी लागली की बॅक वैतागतो आणि कधीतरी वळवायची विसरतो. तेवढं त्याला पुरायचं.

दुसरी गोष्ट त्याहून चलाख. खेळ दुसऱ्या टोकाला असताना तो मुद्दाम ऑफसाइड जागी, म्हणजे बॉल आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांच्याही पुढे, रेंगाळायचा. नुसतं तिथे उभं राहणं हा गुन्हा नाही. बॅकला वाटतं, हा बाद झालेला माणूस आहे, याच्याकडे लक्ष कशाला द्या. पास निघायच्या आधी तो बॅकच्या रेषेत परत यायचा, आणि बॅकच्या डोक्यात मात्र तो अजून बादच असायचा.

तिसरी म्हणजे शेवटचा स्पर्श. पायात बॉल आला की बहुतेक वेळा एका नाहीतर दोन टचमध्ये प्रकरण संपलेलं. जोर कमी, दिशा नेमकी.

२२ जून २००६, हॅम्बुर्ग, वर्ल्डकपमध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्धचा गोल पाहा. बदली म्हणून आलेला इन्झागी ८७व्या मिनिटाला एकटा सुटला. बाजूला सिमोने बारोने पूर्ण रिकामा धावत होता. इन्झागीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. गोलकीपर चेखला वळसा घालून स्वतः बॉल आत ढकलला. स्वार्थी? हो. गोलच्या भुकेबाबत त्याने कधी आडपडदा ठेवला नाही.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मान्य करू. संघ दबावाखाली असताना पाठ करून बॉल धरून ठेवणं, सोबत्यांना वर यायला वेळ देणं, हे त्याला फारसं जमायचं नाही. म्हणून त्याच्या मागे झिदान, देल पिएरो, पिर्लो, सीडॉर्फ, काका यांच्यासारखे नेमका पास देणारे लागायचे. असा एकही माणूस मधल्या फळीत नसेल तर इन्झागीसारखा फॉरवर्ड घेऊ नये. पेठेच्या निवड समितीने त्याला बसवला असता तर तो निर्णय अगदीच चूक ठरला नसता.

प्रश्न : मी १६ वर्षांखालील मुलांना शिकवतो. इन्झागीसारखी रेषेवरची धाव सरावात कशी बसवायची? मुलं एकतर ऑफसाइड जातात, नाहीतर उशिरा निघतात. (फुलेवाडी)

अर्धं मैदान, १० बॉल, ६ कोन आणि एक झेंडा लागेल.

गोलपासून ३० मीटरवर कोन ठेवून आडवी रेषा आखा. ही बॅकची रेषा. तिच्या मागे १५ मीटरवर, म्हणजे गोलपासून ४५ मीटरवर, पास देणारा. रेषेवर एक बॅक. फॉरवर्ड बॅकच्या पलीकडच्या खांद्याशी, रेषेच्या अर्धा मीटर अलीकडे, शरीर अर्धं गोलकडे वळवून. दोन्ही पाय आणि छाती पास देणाऱ्याकडे असेल तर वळण्यातच अर्धा सेकंद जातो आणि तिथेच सगळं बिघडतं.

धाव सरळ गोलकडे काढायची नाही. आधी रेषेला समांतर चार-पाच मीटर, मग कोयत्यासारखं वळण घेऊन आत. समांतर धावताना वेग मिळतो आणि माणूस ऑफसाइडही होत नाही. पास निघतो त्या क्षणी त्याचा पाय वळणावर असतो, बॅक मात्र उभ्या जागेवरून सुरुवात करतो. इन्झागी फार वेगवान नव्हता. त्याचे दोन मीटर या वळणात मिळायचे.

निघायची खूण कोणती, हेच मुलांना कुणी सांगत नाही. पास देणाऱ्याने पहिल्या टचने बॉल बाजूला मोकळा केला की समांतर धाव सुरू करायची. मग तो मान खाली घालून बॉलकडे बघतो, म्हणजे आता किक बसणार. तीच आत वळायची वेळ. मुलं बॉलकडे पाहून निघतात. बॉल हललेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याउलट पास देणाऱ्याने तिसरा टच घेतला की फॉरवर्ड ऑफसाइड, आणि शिव्या फॉरवर्ड खातो. म्हणून पास देणाऱ्याला दोनच टच द्या. तिसरा घेतला तर तो प्रयत्न त्याच्या नावावर चूक म्हणून लिहा.

पहिल्या दिवशी बॅकशिवाय, चालण्याच्या वेगाने प्रत्येकी ५ वेळा. मग बॅक नुसता उभा. तिसऱ्या पायरीला बॅक पूर्ण जोराने, गोलकीपरसह, आणि रेषेवर झेंडा घेऊन एक मुलगा. १० प्रयत्नांचे ३ डाव, दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर विश्रांती. दमलेल्या मुलाला वेळ साधत नाही. तो फक्त उशिरा निघायची सवय लावून घेतो. आठवड्यातून दोनदा पुरे, सामन्याच्या आदल्या दिवशी नको.

३० प्रयत्नांत ४ ते ६ ऑफसाइड आले तर बरोबर चाललंय. एकही नाही आला तर खुश होऊ नका, पोरगा उशिरा निघतोय. १० च्या वर गेले तर तो पास देणाऱ्याकडे बघतच नाही.

आपल्याकडची अडचण मैदानाची. मुरमाड, टणक जमिनीवर टप्पा उंच उठतो, तेव्हा पास जमिनीलगत आणि हळू द्यायला सांगा. दव पडलेल्या गवतावर तोच पास सरकत थेट गोलकीपरच्या हातात जातो. तिथे बॅकच्या डोक्यावरून छोटा उचललेला पास बरा. दोन्ही ठिकाणी बॉल पेनल्टीच्या ठिपक्याच्या आसपास थांबला पाहिजे. त्याच्या पुढे गेला तर तो गोलकीपरचा.

वेळ उरला तर परतलेल्या बॉलचा सराव घ्या. एकाने १८ मीटरवरून तिरकी, खालची किक मारायची. फॉरवर्डने किकच्या क्षणी बॉलच्या मागे राहून नंतर लांबच्या पोस्टकडे, गोलपासून ५-६ मीटरवर धावायचं. तिरक्या किकला गोलकीपर झेपावून तळवा लावतो तेव्हा बॉल बहुतेक वेळा त्याच बाजूला सुटतो. गोलसमोर मध्यभागी उभं राहून वाट बघणाऱ्याला तो क्वचितच मिळतो.

प्रश्न : शाहू स्टेडियमवरच्या एका सामन्यात आमच्या खेळाडूची किक पोस्टला लागून परत आली आणि फॉरवर्डने आत मारली. लाइन्समनने झेंडा वर केला. बॉल पोस्टवरून आला म्हणजे नवा बॉल, ऑफसाइड कसा? (जुना बुधवार पेठ)

झेंडा योग्य असू शकतो. ऑफसाइडची जागा ठरते ती आपल्या माणसाने बॉल मारला त्या क्षणी. त्या वेळी फॉरवर्ड बॉलच्या पुढे आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही पुढे असेल, तर नंतर बॉल पोस्टवरून, बारवरून किंवा गोलकीपरच्या हातावरून येऊ दे, त्याने खेळला की ऑफसाइड. प्रतिस्पर्ध्याने बॉल अडवला, त्याला नुसता लागून वळला, तरी सुटका नाही. त्याने ताबा असताना जाणूनबुजून बॉल खेळला आणि तो चुकून तुमच्याकडे आला तरच सुटका.

आणखी काही गोष्टी, ज्यांवर आपल्याकडे दर सामन्याला तोंडं वाजतात. समान रेषेत असणं ऑफसाइड नाही. १९९० पूर्वी ते ऑफसाइड होतं, जुनी मंडळी अजून त्याच हिशेबाने ओरडतात. हात आणि दंड मोजायचे नाहीत. डोकं, धड, पाय यांपैकी काहीही पुढे असेल तर मोजायचं. स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नाही. गोल किक, थ्रो-इन आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला नाही.

अलेक्स फर्ग्युसन यांच्या नावावर एक टोमणा प्रसिद्ध आहे, की हा पोरगा जन्मालाच ऑफसाइड आला असावा. इन्झागी खेळला तेव्हा इटलीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासणारा रेफ्री, नव्हता. सेरी ए मध्ये तो २०१७-१८ पासून आला. आज खेळला असता तर नखाएवढ्या फरकाचे काही गोल गेले असते आणि लाइन्समनने चुकीने खाल्लेले काही परत मिळाले असते. जमाखर्च फार बदलला नसता असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : २००७ च्या अथेन्स फायनलमधला त्याचा पहिला गोल हाताला लागून झाला होता ना? (राजारामपुरी)

२३ मे २००७, मिलान विरुद्ध लिव्हरपूल. ४५व्या मिनिटाला पिर्लोची फ्री किक इन्झागीच्या छाती-खांद्याच्या भागाला लागून वळली आणि गोलकीपर रेना भलत्याच बाजूला गेला. तेव्हाच्या नियमात हँडबॉलसाठी हेतू लागायचा, त्यामुळे गोल वैध होता. वाद घालण्यात अर्थ नाही. आजचा नियम कडक आहे : गोल करणाऱ्याच्या हाताला किंवा दंडाला चुकूनही लागून बॉल थेट आत गेला तर गोल रद्द. पण दंड कुठे सुरू होतो? काखेच्या तळाच्या पातळीपासून खाली. त्याच्या वरचा भाग खांदा, आणि खांद्याने केलेला गोल चालतो. आज हा निकाल पडद्यावर दोन-तीन मिनिटं पाहून द्यावा लागला असता.

८२व्या मिनिटाच्या दुसऱ्या गोलवर मात्र कुणाचा आक्षेप नाही. काकाचा पास, वळणाची धाव, रेनाला वळसा, अरुंद कोनातून हळू किक. फुलेवाडीच्या प्रशिक्षकांनी मुलांना दाखवायचा असेल तर हा दाखवावा. मिलान २-१ ने जिंकला.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. मोठ्या संघात नाव आहे पण खेळायला मिळत नाही. लहान संघात गेला तर मागे पडेल का? इन्झागी एवढ्या संघांतून का फिरला? (कसबा बावडा)

इन्झागीचा जन्म ९ ऑगस्ट १९७३, पियाचेन्झाचा. तिथल्याच क्लबमध्ये वाढला, पण मुख्य संघात जागा मिळेना. १९ व्या वर्षी क्लबने त्याला उसनवारीवर तिसऱ्या श्रेणीतल्या लेफ्फे या छोट्या गावच्या संघात पाठवलं. तिथे २१ सामन्यांत १३ गोल. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत हेलास व्हेरोनाकडे, पुन्हा १३. मग घरी परतून पियाचेन्झासाठी १५ गोल आणि संघ सेरी ए मध्ये. १९९५ मध्ये पार्मासारख्या श्रीमंत क्लबने उचलला, आणि तिथे मात्र लीगमध्ये दोनच गोल. पुढच्याच वर्षी अतालांतात २४.

म्हणजे दोनदा तो खाली उतरला आणि दोन्ही वेळा नियमित सामने मिळाल्यावर वर आला. फॉरवर्डला सरावाइतकीच सामन्यातल्या मिनिटांची गरज असते, कारण बॅकची चाल सरावात खरी नसते, तिथे सगळे आपलेच असतात. मुलाला मोसमात वीसएक मिनिटांचे चारपाच सामने मिळत असतील तर जिथे पूर्ण ९० मिनिटं खेळेल तिथे जाऊ द्या. फक्त आधी दोन गोष्टी विचारा. त्या संघात पास देणारा मधला खेळाडू आहे का, आणि याला खेळवणार नऊ नंबरवरच ना? बगलेत टाकणार असतील तर गोलचा सराव होणार नाही. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, नोंदणीची मुदत संपण्याआधी ठरवा. मोसमाच्या मध्यात पेठ बदलण्याचे वाद खेळण्यापेक्षा जास्त दमवतात.

प्रश्न : पावसामुळे युव्हेंटसचं विजेतेपद गेलं म्हणतात ते काय? (गारगोटी)

१४ मे २०००, लीगचा शेवटचा दिवस. पेरुजाच्या मैदानावर मध्यंतरात ढगफुटीसारखा पाऊस आला. रेफ्री पिएरलुइजी कोलिना यांनी तासाहून जास्त वेळ सामना थांबवून ठेवला, मग साचलेल्या पाण्यात पुढचा अर्धा भाग खेळवला. कालोरीच्या गोलवर पेरुजा १-० ने जिंकला. तिकडे रोममध्ये लाझिओने रेज्जिनाला ३-० ने आधीच हरवलं होतं, आणि विजेतेपद लाझिओला गेलं. गंमत म्हणजे युव्हेंटसच्या आघाडीला मोठा इन्झागी होता आणि लाझिओचा त्या दिवशीचा पहिला गोल, पेनल्टीवर, त्याच्या धाकट्या भावाचा, सिमोनेचा.

प्रश्न : दोघा भावांत सरस कोण? (इचलकरंजीहून तीन पत्रं)

खेळाडू म्हणून फिलिप्पो, प्रशिक्षक म्हणून सिमोने. दोन्ही उत्तरांत घासाघीस नाही. सिमोने तीन वर्षांनी लहान, १९७६ चा. मार्च २००० मध्ये मार्सेईविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या एका सामन्यात चार गोल केले, ती त्याची सर्वांत उंच उडी. प्रशिक्षक म्हणून लाझिओत पाच वर्षं टिकला, मग इंटर मिलानला २०२३-२४ ची लीग आणि दोन इटालियन चषक मिळवून दिले. चॅम्पियन्स लीगच्या दोन फायनल हरला, त्यांतली २०२५ ची पॅरिसविरुद्ध ०-५. त्यानंतर सौदी अरेबियातल्या अल हिलालला गेला.

प्रश्न : इतका गोल करणारा माणूस प्रशिक्षक म्हणून सारखा हाकलला का जातो? (मंगळवार पेठ)

सारखा नाही, पण पुष्कळदा. क्रमाने पाहू, कारण त्यातच उत्तर आहे.

२०१२ मध्ये निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्याने मिलानच्या मुलांचे संघ सांभाळले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हियारेज्जोची नावाजलेली युवा स्पर्धा जिंकली. तेवढ्या भांडवलावर जून २०१४ मध्ये थेट मिलानचा मुख्य प्रशिक्षक. क्लबकडे पैसा आटलेला, संघ खिळखिळा, आणि मोठ्या माणसांचा संघ चालवायचा अनुभव शून्य. दहावा क्रमांक आला, काढलं. ही नेमणूक मुळातच चूक होती. दोष नेमणाऱ्यांचा जास्त.

मग शहाणपणाने तो तिसऱ्या श्रेणीत उतरला. २०१६-१७ मध्ये व्हेनेझियाला दुसऱ्या श्रेणीत चढवलं, त्या श्रेणीचा चषकही घेतला. पुढच्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत पाचवा. त्यावर बोलोन्याने सेरी ए मध्ये बोलावलं. २१ सामन्यांत फक्त दोन विजय, घरच्या मैदानावर फ्रोझिनोनेकडून ०-४, आणि जानेवारी २०१९ मध्ये निरोप. त्याच्या जागी आले सिनिशा मिहायलोविच. मिलानमध्येही त्याच्यानंतर तेच आले होते.

२०१९-२० मध्ये बेनेव्हेंतो : ८६ गुण, सात फेऱ्या शिल्लक असताना बढती. २०२०-२१ मध्ये सेरी ए, पहिल्याच सामन्यात ०-२ वरून सांपदोरियावर ३-२. पहिला टप्पा ठीक, दुसऱ्या टप्प्यात कोसळले. मार्चमध्ये ट्युरिनला जाऊन युव्हेंटसला १-० ने हरवलं तेवढीच आठवण. ३३ गुणांवर खाली गेले. नंतर ब्रेशिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला हटवायचा प्रयत्न झाला, संघ वरच्या जागांवर असेपर्यंत काढता येणार नाही असं कलम करारात होतं म्हणून तो फसला, आणि महिन्याभराने हटवलंच. रेज्जिनाला बढतीच्या प्ले-ऑफपर्यंत नेलं, तर त्या उन्हाळ्यात क्लबलाच आर्थिक कारणांनी लीगमधून बाहेर काढलं. सालेर्नितानामध्ये ऑक्टोबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४. मग पिसा : ४ मे २०२५ रोजी बढती पक्की, १९९०-९१ नंतर पहिल्यांदाच पिसा सेरी ए मध्ये. तिथे न थांबता तो दुसऱ्या श्रेणीतल्या पालेर्मोला गेला.

तीन बढत्या एका बाजूला, सेरी ए मधली चार अपयशं दुसऱ्या बाजूला. आमचं मत असं. इन्झागीचे संघ दाट उभे राहतात, दोन फळ्यांतलं अंतर कमी ठेवतात, शिस्तीत मागे येतात आणि बॉल मिळाला की झटकन पुढे जातात. दुसऱ्या श्रेणीत त्याच्याकडे बहुधा वरच्या तीन-चारांतला संघ असायचा, तिथे एवढं पुरतं. मैदानाबाहेरची तयारी, आहार, झोप, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास यांत तो कुणाला सोडत नाही, आणि लांब मोसमात ते फळाला येतं. सेरी ए मध्ये तोच माणूस तळाच्या संघासह जातो. तिथे दाट उभं राहिलं तरी समोरचा एक पास नेमका टाकतो, आणि मागे पडल्यावर बॉल ताब्यात ठेवून सामना फिरवायची दुसरी तऱ्हा त्याच्या संघांत दिसत नाही.

आणखी एक. स्वतःला जे आपोआप सुचायचं ते दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने सांगणं वेगळं कसब आहे. मिलानमध्ये २०१४ ला त्याच्या हाताशी फर्नांडो टोरेस होता. लीगच्या १० सामन्यांत एक गोल.

प्रश्न : वय ३४, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटलाय. इन्झागी ३७ व्या वर्षी त्यातून परत आला, मग मला का नाही जमणार? (कागल)

नोव्हेंबर २०१० मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध बदली म्हणून येऊन त्याने दोन गोल केले आणि आठवड्याभरात पालेर्मोविरुद्ध डावा गुडघा गेला. परत आला हे खरं, पण मोजकेच सामने खेळला. १३ मे २०१२ रोजी नोव्हाराविरुद्ध शेवटचा सामना, बदली येऊन विजयी गोल, संपलं. आणि त्याच्यामागे क्लबचं पूर्ण वैद्यकीय पथक रोज होतं.

तुमच्यासाठी : ऑपरेशन करायचं की नाही हे हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून ठरवू दे. ऑपरेशन झालं तर ९ महिन्यांच्या आत सामना नको, मग गुडघा कितीही चांगला वाटो. वाटणं आणि असणं यांत फरक पडतो, कारण दुखणं आधी जातं आणि ताकद खूप नंतर येते. परतण्याआधी फिजिओकडून दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या, आजारी पाय चांगल्याच्या किमान ९० टक्के हवा. एका पायावरच्या लांब उडीलाही हेच माप. पहिला महिनाभर टणक मैदान आणि लांब खिळ्यांचे बूट टाळा. खिळा रुतून पाय अडकतो आणि गुडघा वळतो, पुन्हा फाटायची ती हमखास तऱ्हा.

प्रश्न : तो म्हणे रोज बेचव खायचा. सामन्याआधी मटण खाल्लं तर काय बिघडतं? (रंकाळा परिसर)

साधा पास्ता आणि ब्रेसाओला, म्हणजे चरबी नसलेलं वाळवलेलं गोमांस, हा त्याचा नेहमीचा आहार म्हणून सांगितला जातो. मटणात वाईट काही नाही, वेळ वाईट. तेल-खोबऱ्याचा रस्सा पोटातून लवकर हलत नाही, आणि पळताना रक्त पायांना हवं असतं. दुपारी चारचा सामना असेल तर साडेबारा-एकला भात, साधं वरण, उकडलेलं अंडं किंवा दही. तासभर आधी एक-दोन केळी. तांबडा-पांढरा रात्री, जिंकल्यावर किंवा हरल्यावरही.

प्रश्न : कोल्हापुरात राहून प्रशिक्षकाचा परवाना कसा मिळतो? इन्झागीला घ्यावा लागला होता का? (उचगाव)

लागला. इटलीत कितीही मोठा खेळाडू असला तरी फ्लॉरेन्समधल्या कोव्हेर्चानोच्या प्रशिक्षण केंद्रात बसावं लागतं. युरोपात क्रम सी, बी, ए, प्रो असा. आपल्याकडे अखिल भारतीय महासंघाचे प्राथमिक ई आणि डी, नंतर आशियाई महासंघाचे सी, बी, ए, प्रो. महाराष्ट्रात हे वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमार्फत होतात. तारखांची चौकशी केएसएकडे करा. जागा थोड्या असतात, अर्ज जाहीर झाल्या दिवशीच भरा. नापास होणारे बहुतेक जण खेळाच्या ज्ञानात कमी पडत नाहीत. सराव कागदावर आखता येत नाही आणि चुकलेला क्षण थांबवून दाखवता येत नाही, म्हणून जातात. जाण्याआधी वर दिलेला रेषेवरचा सराव कागदावर, अंतरं आणि वेळा टाकून, काढून पाहा.

प्रश्न : मिलानच्या नऊ नंबरला शाप आहे म्हणे? (गडहिंग्लज)

इन्झागी गेल्यावर तो अंक पातो, मात्री, टोरेस, देस्त्रो, लुईझ अद्रियानो, लापादुला, आंद्रे सिल्वा, इगुआइन, पिऑन्तेक आणि मांजुकिचने घातला. एकालाही तो लाभला नाही. इगुआइन अर्ध्या मोसमात निघून गेला. २०२१ मध्ये चौतिशीतल्या ऑलिव्हिए जिरूने तो घेतला आणि पुढच्या मे महिन्यात मिलान ११ वर्षांनी लीग जिंकला.